‘साधन निकामी ठरल्यामुळे’



आजचा विषय जरा अवघड आहे. समजायला नाही, बोलायला. आमच्या घरातले दीर-जावा, भाचे-पुतणे, शाळेतले जुने सहकारी असे सगळेच अधूनमधून इथे डोकावतात. त्यामुळे लिहू की नको, लिहू की नको करत तीन आठवडे गेले. आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाई प्रजननाचा धडा आला की "हा घरी वाचा" म्हणून पानं उलटून टाकायच्या, आणि मी स्टाफरूममध्ये त्यांची थट्टा करायचे. आता माझ्यावर वेळ आली तर मीही पानं उलटायची का? म्हणून लिहितेय. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी खुशाल पुढच्या लेखाची वाट पाहावी, राग नाही.

तर झालं असं. माझ्या भाचीची मुलगी व्हँकुव्हरला शिकते. रविवारी सकाळी (तिची शनिवारची संध्याकाळ) तिचा फोन असतो. त्या दिवशी म्हणाली, "आजी, तू मराठी शिकवायचीस ना? मग स्टेल्थिंगला मराठीत काय म्हणतात ते सांग." मी म्हटलं, आधी मला ते काय आहे ते सांग. तिने अजिबात न अडखळता सांगितलं. दोघांचं कंडोम वापरायचं ठरलेलं असतं, त्या अटीवरच समोरची व्यक्ती तयार झालेली असते, आणि मग पुरुष मध्येच, न सांगता, गुपचूप तो काढून टाकतो. किंवा वापरलाय असं भासवतो आणि वापरतच नाही. तिला त्यावर वर्गात निबंध लिहायचा होता.

मी बराच वेळ शब्द शोधत राहिले. फसवणूक, दगा, विश्वासघात... सगळे जवळ जातात, नेमका एकही नाही. "विचार करून सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर शब्दापेक्षा मला दुसरंच काहीतरी आठवलं होतं, १९८३ सालचं. ते शेवटी सांगते. आधी इतिहास, कारण मी इतिहासाची बाई आहे आणि तिच्या निबंधाच्या निमित्ताने महिनाभर हेच वाचत बसले होते.

या गोष्टीला नाव मिळून फार वर्षं झालेली नाहीत. कृत्य जुनंच असणार, पण बायका त्याबद्दल बोलताना "ते बलात्कार नव्हतं, पण..." अशी सुरुवात करायच्या आणि पुढे त्यांना शब्द सापडायचे नाहीत. अमेरिकेत येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या अलेक्झांड्रा ब्रॉडस्की यांनी विद्यार्थिदशेतच या विषयावर काम सुरू केलं आणि २०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या एका कायदेविषयक नियतकालिकात त्यांचा दीर्घ लेख छापून आला. हे सोसलेल्या व्यक्तींशी त्या बोलल्या होत्या. गरोदर राहण्याची भीती, रोगाची भीती हे तर होतंच. पण त्या भीतीइतकीच, किंवा त्याहून जास्त, एक गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यात येत होती. आपण घातलेली अट समोरच्याने जणू ऐकलीच नाही, आपल्या शरीराबद्दलचा निर्णय आपल्याला न विचारता बदलला, ही अपमानाची जाणीव. काही पुरुष इंटरनेटवर याच्या युक्त्या एकमेकांना शिकवतात, हेही त्या लेखामुळे लोकांपुढे आलं.

ब्रॉडस्कींचं म्हणणं मला फार सरळ वाटलं. सध्याच्या कायद्यात हे बसतं असं तर्काने दाखवता येतं, पण ‘बसवता येतं’ आणि ‘लिहिलेलं आहे’ यात फरक आहे. लिहिलेलं नसेल तर तक्रार घेणाऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. म्हणून त्यांनी नवीन, स्पष्ट कायदा सुचवला, आणि तोही तुरुंगाचा नव्हे, दिवाणी! म्हणजे पीडित व्यक्तीने स्वतः दावा लावायचा आणि नुकसानभरपाई मागायची. फौजदारी खटल्यात सरकारी वकील ठरवतो खटला चालवायचा की नाही. दिवाणी दाव्यात सूत्रं बाईच्या हातात राहतात आणि पुराव्याचा उंबरठाही थोडा खाली असतो.

तो लेख कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातल्या क्रिस्टिना गार्सिया यांनी उचलून धरला. २०१७ मध्ये त्यांनी आधी याला गुन्हा ठरवण्याचा प्रयत्न केला. तेव्हा विधिमंडळाच्या अभ्यासकांचं उत्तर आलं, की सध्याच्या कायद्यात हा किरकोळ स्वरूपाचा लैंगिक हल्ला ठरू शकतोच, फक्त हेतू सिद्ध करणं कठीण असल्याने खटले क्वचित होतात. थोडक्यात, गरज नाही! तुम्हाला हे वाक्य ओळखीचं वाटलं असेल. बायकांसाठी काहीही मागितलं की पहिलं उत्तर हेच असतं, "कायदा आहेच की." गार्सियाबाई चिकट निघाल्या. त्यांनी ब्रॉडस्कींचा दिवाणी मार्ग घेतला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांची सही झाली. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने हे असं कायद्यात लिहिण्याची ही पहिलीच वेळ. नंतर मेन आणि वॉशिंग्टन या राज्यांनीही तसाच दिवाणी कायदा केला.

या कॅलिफोर्नियाच्या कायद्याच्या दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. एक म्हणजे, त्याला पाठिंबा देणाऱ्यांत शरीरविक्रय करणाऱ्यांची एक संघटना होती. म्हणजे जिला समाज म्हणतो की "तुला कसली आलीय संमती?", तीसुद्धा म्हणू शकली की मी ठरवलेली अट ही अट आहे. दुसरी गोष्ट, त्याच सुमारास गार्सियाबाईंचंच आणखी एक विधेयक मंजूर झालं. तिथल्या कायद्यात पत्नीवरचा बलात्कार हा वेगळा, जरा सौम्य प्रकार म्हणून मोजला जाई, तो भेद त्यांनी काढून टाकला. हे दोन कायदे एकाच बाईच्या हातून एकाच वेळी झाले हा योगायोग नाही. का, ते पुढे कळेल.

आता कॅनडा. इथली गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, कारण ती परीक्षेतल्या अवघड प्रश्नासारखी आहे. कॅनडाच्या कायद्यात संमती म्हणजे ‘त्या लैंगिक कृतीला’ स्वेच्छेने दिलेला होकार. प्रश्न असा, की ‘ती कृती’ म्हणजे नेमकं काय? कंडोमसह संबंध आणि कंडोमशिवाय संबंध ही एकच कृती की दोन वेगळ्या?

नोव्हा स्कोशिया प्रांतात एका माणसाने आपल्या मैत्रिणीला गर्भ राहावा म्हणून कंडोमना सुईने भोकं पाडली. ती गरोदर राहिली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४ मध्ये शिक्षा कायम झाली. शिक्षेवर सगळ्या न्यायमूर्तींचं एकमत होतं, पण कारण कोणतं यावर ते चार विरुद्ध तीन असे फुटले. चौघे म्हणाले, बाईने संबंधाला होकार दिलाच होता. कंडोम हा त्या कृतीचा भाग नाही, ती सोबतची अट. मात्र होकार फसवून मिळवला म्हणून तो रद्द. वरवर पाहता काय फरक पडला? शिक्षा तर झाली! फरक असा, की फसवणुकीच्या वाटेने गेलं की सरकारी पक्षाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, त्याने लबाडी केली. दोन, त्यामुळे तिला गंभीर शारीरिक हानी झाली किंवा होण्याचा मोठा धोका निर्माण झाला. मग जिचं वय गर्भ राहण्याच्या पलीकडे गेलंय तिचं काय? पुरुषाचं काय? ज्याची तपासणी निर्दोष निघाली त्याच्यावरची तक्रार कुठे जाणार?

आणि तसा खटला आलाच, ब्रिटिश कोलंबियातून. २०१७ सालची घटना. त्या बाईने आधीच स्पष्ट सांगितलं होतं, कंडोमशिवाय नाही. पहिल्या वेळी त्याने वापरला. दुसऱ्या वेळी वापरला नाही, आणि तिला ते कळलं सगळं झाल्यावर. खालच्या कोर्टाने आरोपीला सोडलं. अपील होत होत २९ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती शीला मार्टिन यांनी बहुमताचं निकालपत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं, कंडोमसह आणि कंडोमशिवाय या शारीरिक दृष्ट्याच दोन वेगळ्या कृती आहेत. एकीला दिलेला होकार दुसरीला लागू होत नाही. कंडोम हीच अट असेल आणि तो नसेल, तर होकारच नाही. मग त्याने लबाडी केली का, हानी किती झाली, हे प्रश्नच उद्भवत नाहीत. नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी खटला पुन्हा चालवायला सांगितलं, पण चौघांना जुनाच फसवणुकीचा मार्ग योग्य वाटत होता.

पाच विरुद्ध चार! म्हणजे एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला असता तर ‘कृती’ या शब्दाचा अर्थ वेगळा झाला असता. हे वाचताना मला ब्रॉडस्कींचा मुद्दा खऱ्या अर्थाने पटला. कायद्यात लिहिलेलं नसतं तेव्हा एका माणसाच्या मतावर देशभरातल्या बायकांचा हक्क लोंबकळतो.

बाकी देशांचं थोडक्यात सांगते. बर्लिनमध्ये २०१८ मध्ये एका पोलिसाला याच कृत्यासाठी शिक्षा झाली, पण बलात्कार म्हणून नव्हे, लैंगिक हल्ला म्हणून. न्यूझीलंडमध्ये २०२१ मध्ये वेलिंग्टनच्या कोर्टाने एकाला बलात्काराखाली दोषी धरून पावणेचार वर्षांची कैद दिली. तिथेही तक्रारदार शरीरविक्रय करणारी होती, आणि त्या देशात २००३ पासून तो व्यवसाय गुन्हा नसल्यामुळे तिला पोलिसांकडे जाता आलं. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा ज्यात येतं त्या राजधानी प्रदेशाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट शब्दांत याला गुन्हा ठरवलं, आणि ते विधेयक विरोधी पक्षाच्या नेत्या एलिझाबेथ ली यांनी आणलं होतं. पाठोपाठ तिथल्या इतर राज्यांनीही कायदे बदलले. तिथल्याच मेलबर्नमध्ये लैंगिक आरोग्य केंद्रात आलेल्यांची एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ३२ टक्के स्त्रियांनी आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या १९ टक्के पुरुषांनी आपल्या बाबतीत असं घडल्याचं सांगितलं. ही अशा केंद्रात आलेल्यांची संख्या आहे, सगळ्या समाजाची नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. तरी "असं कुठे कोण करतं?" या प्रश्नाला उत्तर म्हणून पुरेशी आहे.

आणि सिंगापूर! सिंगापूरचं मुद्दाम शेवटी ठेवलं. त्यांची दंडसंहिता म्हणजे आपल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेची मुलगीच. इंग्रजांनी मेकॉलेच्या मसुद्यावरून आपल्याकडे केलेला कायदा पुढे तिकडे नेला. कलमांचे आकडेसुद्धा बरेचसे तेच. त्या सिंगापूरने १ जानेवारी २०२० पासून आपल्या संहितेत ३७६ च्या पोटात एक नवं कलम घातलं. संरक्षक साधन वापरण्याबाबत किंवा आपल्याला असलेल्या लैंगिक रोगाबाबत फसवून होकार मिळवणं हा गुन्हा. आणि त्याच दिवसापासून नवऱ्याला बलात्काराच्या कलमातून असलेली सूटही त्यांनी काढून टाकली. पुन्हा तीच जोडी, पाहिलंत? साधनाबद्दलची फसवणूक आणि नवऱ्याची सूट. एकाच आईच्या दोन लेकी, एक पुढे गेली.

मग आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे संमती या शब्दाचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातलं एक पान विदर्भातलं आहे. १९७२ चा मार्च महिना, चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज (आता ते गडचिरोलीत आलं). मथुरा या नावाने जग जिला ओळखतं त्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिची संमती होती, असा एकूण सूर. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. त्यातला गाभा एवढाच होता, की शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. १९८० च्या महिला दिनाला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. मी तेव्हा तालुक्याच्या गावी शिकवत होते. आमच्याकडे मोर्चा वगैरे काही नव्हता, पण वर्तमानपत्रात वाचून स्टाफरूममध्ये आम्ही बायका बायकांत कुजबुजत बोललो होतो. पुरुष शिक्षक आत आले की विषय गणिताच्या पेपरावर! १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात, संबंध आला हे सिद्ध झालं असेल आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टाने ते खरं धरून चालायचं. चार माणसांच्या एका पत्रापासून सुरुवात होऊन चार वर्षांत कायदा हलला. मोहिमांनी काय होतं असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

पुढे दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच कायद्यात आली. शब्दांतून, हावभावांतून, कसंही, पण निःसंदिग्धपणे आणि स्वेच्छेने दर्शवलेली तयारी, आणि तीही ‘त्या विशिष्ट लैंगिक कृतीत’ सहभागी होण्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ६३ व्या कलमात ही व्याख्या तशीच आहे. आता कॅनडाचा प्रश्न आठवा. ‘विशिष्ट कृती’ म्हणजे काय? कंडोमसह आणि कंडोमशिवाय ही एकच कृती की दोन? आपल्या कायद्यात याचं उत्तर लिहिलेलं नाही. नव्या संहितेत ६९ वं कलम फसवून ठेवलेल्या संबंधांबद्दल आहे. त्यात लग्नाचं खोटं वचन आहे, नोकरी-बढतीचं आमिष आहे, ओळख लपवून केलेलं लग्न आहे. साधनाबद्दलची लबाडी तिथे नाव घेऊन सांगितलेली नाही. एखादा हुशार वकील ती त्यात बसवेलही. पण पुन्हा तेच, बसवावं लागेल.

आणि बायकोचं काय? तिच्यासाठी दारच बंद. अठरा वर्षांवरील पत्नीशी नवऱ्याने ठेवलेला संबंध बलात्कार नव्हे, हा अपवाद नव्या संहितेतही आहे. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी यावर एकमेकांविरुद्ध निकाल दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे मूळ संमतीच विचारायची नाही, तर संमतीतली अट कोण विचारणार? म्हणून म्हटलं, कॅलिफोर्नियात आणि सिंगापुरात ते दोन बदल जोडीने झाले यात नवल नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा उल्लेख आहे, ती एक दिवाणी वाट बायकोला आहे. त्या वाटेने किती जणी चालतात, ते तुम्ही-आम्ही आजूबाजूला पाहतोच.

आता ते १९८३ चं सांगते.

आमच्या शाळेत माझ्याच वयाची एक शिक्षिका होती. ती आज हयात नाही, आणि ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. दोन मुलं, नवरा सरकारी नोकरीत, चारचौघांत अगदी सज्जन माणूस. तिला गोळ्या सोसत नसत. म्हणून दोघांचं ठरलेलं होतं, निरोध. नव्या पिढीला सांगते, १९६८ पासून सरकारने पंधरा पैशांत तीन या भावाने निरोध विकायला सुरुवात केली होती, आणि लाल त्रिकोणाच्या पाट्या गावागावांत होत्या. आपल्याच मराठी माणसाने, र. धों. कर्व्यांनी, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा त्यांना केवढा त्रास झाला, कॉलेजातली नोकरी गेली. पन्नास वर्षांनी तेच सरकारी काम झालं होतं. साधन घरात पोचलं होतं. पण ते वापरायचं की नाही, हे ठरवणारा हात बदलला नव्हता.

शाळा सुरू होऊन महिना झाला होता. ती मला म्हणाली, दिवस गेलेत. मी म्हटलं, कसं काय? तिने खाली बघत सांगितलं, की तिने विचारलं तेव्हा नवरा हसला. म्हणाला, "मी मधेच काढून टाकायचो, तुला पत्ताही लागायचा नाही." जणू मुलांच्या खेळातली गंमत.

तिसरं मूल तिला नको होतं. आम्ही दोघींनी किरकोळ रजा टाकली आणि एसटीने जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात गेलो. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात विवाहित बाईला एक सोय होती, तिने किंवा नवऱ्याने वापरलेलं साधन निकामी ठरून गर्भ राहिला तर ते कारण मान्य. (२०२१ मध्ये ‘विवाहित’ आणि ‘नवरा’ जाऊन तिथे कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार आले.) डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय झालं?" ही माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीकडे. डॉक्टरीणबाईंनाही बहुधा सवय असावी. त्यांनी थोडं थांबून इंग्रजीत एक ओळ लिहिली. मराठीत सांगायचं तर ‘गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्यामुळे’. हिने सही केली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "साधन चांगलं होतं गं."

आणि मी, बी. ए. झालेली, मथुरेची बातमी वाचून हळहळलेली, वर्गात सावित्रीबाई शिकवणारी मी, काय म्हणाले? म्हणाले, "जाऊ दे गं. नवराच आहे ना तुझा. परका थोडाच आहे."

ती काही बोलली नाही. पुढे वीस वर्षं आम्ही स्टाफरूममध्ये शेजारी बसलो, डबे वाटून खाल्ले, पेपर तपासले. हा विषय तिने पुन्हा माझ्यापाशी कधी काढला नाही. मला वाटायचं, ती विसरली. आता कळतं, तिने मला सांगून पाहिलं होतं आणि उत्तर मिळालं होतं. कायद्यातला तो अपवाद मी तोंडपाठ म्हणून दाखवला होता, कलम न वाचताच.

काही जण म्हणतात, आणि त्यांचंही मी वाचलं, की प्रत्येक गोष्टीला नवा कायदा कशाला? बंद दारामागची गोष्ट, सिद्ध कशी करणार? खोट्या तक्रारी होतील. पुराव्याची अडचण खरी आहे. पण ती हुंड्याच्या छळातही आहे, लाच घेण्यातही आहे. म्हणून कोणी लाच कायद्यातून वगळा म्हणत नाही. आणखी काहींचं म्हणणं, तुरुंग वाढवून माणसं सुधारत नाहीत. हे मला बरंचसं पटतं. म्हणूनच दिवाणी मार्गाचा विचार व्हायला हवा असं मला वाटतं. माझ्या मैत्रिणीला नवरा तुरुंगात नको होता. तिला एवढंच हवं होतं, की जे घडलं त्याला कोणीतरी चूक म्हणावं. कागदावर, तिच्या बाजूने. कागदावर काय आलं? साधनाची चूक.

शिक्षिकेच्या नात्याने माझं एक मत आहे. शाळेत "नीट वागा" असा नियम कधी चालत नाही. मुलं आणि मास्तर दोघंही आपापला अर्थ काढतात. "रांग मोडून पुढे जाऊ नका" हा नियम चालतो. स्पष्ट नियमाचा पहिला उपयोग शिक्षेसाठी नसतोच. ज्याच्या बाबतीत रांग मोडली गेली त्याला हात वर करून सांगता येतं, "बाई, हे असं झालं." शब्द असतो म्हणून सांगता येतं.

मागच्या रविवारी नातीचा फोन आला. तिचा निबंध देऊन झाला होता. मी तिला एसटीची गोष्ट सांगितली, माझ्या उत्तरासकट. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, तुला तेव्हा काय म्हणायला हवं होतं असं वाटतं?"

मी म्हटलं, "एवढंच, की हे त्याने चुकीचं केलं. तुझी काही चूक नाही."

"मग मराठी शब्द?" तिने विचारलं. तो मात्र अजून सापडलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचला तर जरूर कळवा. ‘फसवणूक’ सोडून, कारण तो भाजीवाल्यापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना वापरून गुळगुळीत झालाय.

असो. खूप लिहिलं. पुढच्या वेळी काहीतरी हलकंफुलकं लिहीन, नक्की!